रिपोर्ट उघडण्याआधी

पावसाळा सरत आला की विदर्भातल्या वरूड तालुक्यात घराघरांत दोन प्रकारचे कागद साठू लागतात. काही माणसांच्या तापाचे असतात: विडाल, डेंग्यू, पेशींचे आकडे. काही गोठ्यातले असतात: गाईच्या रक्ताचा नमुना, गोचीडताप आहे की नाही याचा निकाल. दोन्हींकडे आपण सारख्याच श्रद्धेने पाहतो. पॉझिटिव्ह म्हणजे आजार सापडला, निगेटिव्ह म्हणजे सुटलो आणि आकडा जितका वाईट तितका जीव धोक्यात, असा हिशेब डोक्यात पक्का बसलेला आहे. या हिशेबापायी पैसा जातो, कधी हातातला वेळ जातो आणि वेळ गेला की जनावर किंवा माणूसही जाते. चाचणी कोणाची केली, आजाराच्या कितव्या दिवशी केली आणि तिच्या उत्तरावरून पुढे काय करायचे होते, या तीन गोष्टी कळल्याशिवाय निकालाला अर्थ चढत नाही. रोगी वाचेल का, हा तर वेगळाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर बहुधा लॅबच्या कागदापेक्षा खाटेशेजारी किंवा दावणीपाशी आधी दिसते.

विडालपासूनच सुरुवात करू, कारण तालुक्याच्या गावात सर्वाधिक लिहून दिल्या जाणाऱ्या चाचण्यांपैकी ती एक आहे. 1896 साली निघालेली ही चाचणी टायफॉइडचे जंतू शोधत नाही. त्या जंतूंविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्ये ती मोजते. जिथे टायफॉइड वर्षानुवर्षे वावरतो तिथे ही प्रतिद्रव्ये धडधाकट माणसाच्या रक्तातही थोडीफार सापडतात. जुन्या संसर्गाने, लसीने, कधी भलत्याच तापानेही ती वाढतात. म्हणून एकाच वेळी केलेल्या विडालवरून टायफॉइड ठरवू नये, असे वैद्यकशास्त्र कधीचे सांगत आले आहे. सात-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा तपासून चौपट वाढ दिसली तर तिला वजन येते, पण तोवर थांबतो कोण? खरी चाचणी म्हणजे रक्ताचे कल्चर. ते पहिल्या आठवड्यात आणि अँटिबायोटिक सुरू करण्याआधी केले तरच जास्त उपयोगाचे. आपल्याकडे उलटे होते. चार दिवस गोळ्या, मग विडाल, मग सलाईन आणि कल्चरचा विचार शेवटी.

विडालच्या आड लपणारा आजार आपल्या भागात आहे, म्हणून हे इतके सविस्तर सांगावे लागते. 2018 च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसने बरीच धास्ती पसरवली होती. नावात टायफस असला तरी टायफॉइडशी त्याचा काही संबंध नाही. गवतातल्या बारीक किड्याची अळी चावते आणि तिच्यातून हा जंतू अंगात शिरतो. उंदीर आणि ओले गवत जिथे, तिथे ही अळी. धुऱ्यावरचे गवत कापणारी बाई, संत्र्याच्या बागेत निंदणाला बसलेला मजूर, सातपुड्याच्या पायथ्याशी गुरे चारणारा पोरगा, हे सगळे तिच्या वाटेत येतात. चावल्या जागी कधी कधी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही आणि काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, स्तनाखाली असते, म्हणून कोणी पाहत नाही. रक्ताची आयजीएम एलायझा चाचणी चांगली आहे, पण प्रतिद्रव्ये तयार व्हायलाच पाच-सात दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी केलेल्या चाचणीचा निगेटिव्ह निकाल त्यामुळे फारसे काही सांगत नाही. म्हणूनच आयसीएमआरच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनी संशय असेल तर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू करायला सांगितले आहे. औषध स्वस्त, चूक झाली तर नुकसान थोडे, उशीर झाला तर फुप्फुस आणि मूत्रपिंड धोक्यात. तेव्हा पाच दिवसांवर गेलेला ताप असेल तर डॉक्टरांना तीन गोष्टी स्वतःहून सांगा: ताप कोणत्या दिवशी चढला, त्याआधीच्या दोन आठवड्यांत गवतात किंवा बागेत काम केले होते का आणि अंगावर कुठे खपली आहे का. ही माहिती मिळाली तर चाचणीची निवडच बदलते.

आता थोडे आकडे. हे उदाहरण मनचे आहे, पण हिशेब खरा आहे. एखाद्या आजाराची चाचणी 100 आजाऱ्यांपैकी 95 जणांना पकडते आणि 100 निरोग्यांपैकी 95 जणांना निरोगी ठरवते, असे धरा. कोणीही तिला उत्तम चाचणी म्हणेल. गावातल्या 1000 जनावरांपैकी 10 खरी आजारी आहेत. चाचणी त्यांतली नऊ-दहा पकडेल. पण उरलेल्या 990 निरोगी जनावरांपैकी पन्नासएक जनावरांनाही ती पॉझिटिव्ह ठरवेल. म्हणजे साठ पॉझिटिव्ह जनावरांत खरी आजारी जेमतेम दहा. तीच चाचणी, तेच किट, पण गावात 1000 पैकी 200 जनावरे आजारी असतील तर 230 पॉझिटिव्ह निघतील आणि त्यांतली 190 खरी असतील. किट बदलले नाही, तंत्रज्ञ बदलला नाही, तरी एकाच निकालाचा अर्थ सहात एक वरून सहात पाचवर गेला. लक्षण नसताना, केवळ पॅकेज स्वस्त आहे म्हणून केलेल्या वीस चाचण्यांच्या यादीत दोन-चार आकडे ठळक अक्षरांत का येतात, याचे उत्तर याच हिशेबात आहे. अशा ठळक आकड्यामागे धावण्याआधी तो दुसऱ्या पद्धतीने पडताळून घ्यावा.

गोठ्यात हा घोळ आणखी वाढतो. गोचीडताप, म्हणजे थायलेरियाचा आजार, संकरित गाईंना जोरात होतो. खांद्यापुढची गाठ सुजते, ताप चढतो, रक्त कमी होते. काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की परजीवी दिसतो. पण आजारातून उठलेली गाय पुढे दीर्घकाळ तो परजीवी थोड्या प्रमाणात रक्तात बाळगते आणि व्यवस्थित दूधही देते. पीसीआरसारखी अतिशय तल्लख चाचणी लावली तर अशा कितीतरी धडधाकट गाई पॉझिटिव्ह निघतील. उद्या तीच गाय खुरीने किंवा अपचनाने चारा सोडेल आणि हातात पॉझिटिव्ह कागद असल्यामुळे तिला महागडे बुपारव्हाक्वोन टोचले जाईल. गाठ सुजलेली नाही, ताप नाही, डोळ्यांची आतली त्वचा गुलाबी आहे, मग परजीवी सापडला तरी तो आजच्या दुखण्याचे कारण आहे का, हे पशुवैद्यांना विचारायलाच हवे.

ब्रुसेलोसिसचेही तसेच. या आजारात गाय शेवटच्या महिन्यांत गाभडते, वार अडकते आणि हाच जंतू धार काढणाऱ्याला, वार ओढणाऱ्याला, कच्चे दूध पिणाऱ्याला महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप देतो. सप्टेंबर 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताबरोबर हा आजार घेतला आहे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना एकदाच लस दिली जाते. ही एस-19 लस जिवंत जंतूंची आहे, त्यामुळे तिच्यामुळेही रक्तात प्रतिद्रव्ये येतात आणि रोझ बेंगाल चाचणी त्यांना आजारच समजू शकते. कालवड असताना वेळेवर टोचली असेल तर ही प्रतिद्रव्ये बहुधा ओसरतात. वय उलटल्यावर टोचली तर ती दीर्घकाळ राहतात. म्हणून लसीची तारीख आणि कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक एका वहीत लिहून ठेवणे हा निदानाचाच भाग आहे. ती वही नसेल तर चांगली गाय बदनाम होते आणि पॉझिटिव्ह ठरलेली गाय गुपचूप बाजारात विकली जाते, मग आजार खरा असला तर दुसऱ्याच्या गोठ्यात पोचतो.

माणसांत चुकीच्या वाचनाचे सर्वांत दुःखद उदाहरण सिकलसेलचे आहे. भारतात तो 1952 मध्ये निलगिरीच्या डोंगरांत नोंदवला गेला. मध्य भारतातल्या वाहकांविषयी शुक्ला आणि सोळंकी यांनी 1958 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. म्हणजे विदर्भाला हा आजार साठ वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. 1 जुलै 2023 रोजी शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचे ठरले. शिबिरात सहसा होते ती सोल्युबिलिटी चाचणी. ती फक्त एवढेच सांगते की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. माणूस वाहक आहे की आजारी, हे ती सांगूच शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात सोल्युबिलिटी चाचणी फसते, कारण बाळाच्या रक्तात जन्माआधीचे हिमोग्लोबिन अजून भरपूर असते. नुकतेच रक्त चढवले असेल किंवा रक्त फारच कमी असेल तरीही ती फसू शकते. शिबिरातला पॉझिटिव्ह कागद घेऊन एखाद्या वाहक मुलीचे लग्न मोडणे हा शुद्ध अज्ञानाचा प्रकार आहे. वाहकाचे आयुष्य सामान्य असते. प्रश्न येतो तो दोन वाहकांच्या लग्नात. तिथे प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली असे होत नाही, दर खेपेला हिशेब नव्याने सुरू होतो.

आणि आजार निश्चित झाला तरी भविष्य निश्चित होत नाही. सिकलसेलचा भारतीय प्रकार सौम्य, असे एकेकाळी सरसकट म्हटले जाई. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा विदर्भातल्या मुलांबाबत ते सरसकट खरे नाही असे दिसले. कोणाला वर्षातून एकदा वेदना होतात, कोणाला दर महिन्याला दवाखाना गाठावा लागतो. त्याच गटाने किलोमागे 10 मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेच्या हायड्रॉक्सियुरियाचाही तीव्र आजार असलेल्या मुलांना उपयोग होतो हे दाखवले. म्हणजे आजारी असल्याची खूण असलेली ‘एसएस’ ही दोन अक्षरे वाचून मुलाचे भवितव्य सांगणारा नातेवाईक चुकतो. औषध नियमित चालू आहे का, ताप आल्याच्या दिवशीच दवाखाना गाठतो का, लसी पूर्ण आहेत का, यांवर ते भवितव्य बरेच अवलंबून आहे. संत्र्याचा जाणता व्यापारीही आंबिया बहराची फुले मोजून सौदा करत नाही, तो फळगळ होऊन जाऊ देतो.

रोगी वाचेल का हे आधी कसे ओळखावे, याचा उत्तम अभ्यास विदर्भातच झालेला आहे आणि तोही यंत्राशिवाय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत गावातल्याच प्रशिक्षित बायांकडून नवजात बाळांची घरी जाऊन नोंद ठेवली आणि उपचार केले. तिथला नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी उतरल्याचा निष्कर्ष 1999 मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. त्यामागोमाग 2005 मध्ये आलेला लेख मला आपल्या विषयासाठी जास्त मोलाचा वाटतो. जंतुसंसर्गाने दगावणारे बाळ आधी कसे ओळखावे, हा त्यातला प्रश्न होता. सात लक्षणे निघाली: दूध ओढणे कमी होणे किंवा थांबणे, रडणे क्षीण होणे, हातपाय लुळे पडणे, उलटी किंवा पोट फुगणे, अंग गार लागते असे आईने सांगणे, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे आणि बेंबी पिकणे. यांतली कोणतीही दोन एकाच वेळी दिसली तर दगावणारे एकही बाळ हुकत नव्हते आणि ती मृत्यूच्या सरासरी सुमारे पाच दिवस आधी दिसत होती. ज्यांच्यात ती दिसली त्यांपैकी खरोखर दगावणारी मात्र सुमारे 27 टक्केच. वरवर पाहता चारातले तीन इशारे फुकट. तरी हा नियम उत्तम, कारण इशारा मिळाल्यावर करायचे काय, तर बाळाला तपासून वेळेत औषध द्यायचे. ते स्वस्त आहे आणि न करण्याची किंमत एक जीव. ब्रुसेलोसिसच्या गाईबाबत काटा उलट्या बाजूला झुकतो. तिथे चुकीच्या इशाऱ्याने शेतकऱ्याची पन्नास-साठ हजारांची गाय कामातून जाते, म्हणून दुसऱ्या चाचणीने पडताळल्याशिवाय हलू नये. किती खात्री हवी, हे चुकीची किंमत पाहून ठरवायचे असते. लॅबच्या कागदावर ते कुठेच लिहिलेले नसते.

डेंग्यूच्या दिवसांत पेशींवर लागणारी नजर याच कसोटीवर तपासा. प्लेटलेट दीड लाखाच्या पन्नास हजार झाल्या की घर हादरते. रक्तपेढीकडे धावाधाव सुरू होते. पण डेंग्यूत जीव घेणारी मुख्य गोष्ट म्हणजे रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्तदाब ढासळणे, आणि हे बहुधा ताप उतरतो त्या एक-दोन दिवसांत घडते. नेमके तेव्हाच घरचे म्हणतात, आता बरे वाटते, सुटी द्या. 2017 मध्ये सिंगापूर आणि मलेशियातील एक मोठा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. प्लेटलेट 20 हजारांवर किंवा त्याखाली, पण रक्तस्राव नाही, अशा प्रौढांना प्लेटलेट चढवून रक्तस्राव टळला नाही, उलट त्रास वाढल्याची उदाहरणे दिसली. मग पाहायचे काय? पोटात सतत दुखणे, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून किंवा शौचातून रक्त, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, माणूस गुंगीत जाणे. यांतले एकही दिसले तर रात्रीचे दोन वाजले असले तरी 108 ला फोन करा. पेशींचा आकडा चांगला असला तरीही.

टक्केवारी ऐकताना एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: कितींपैकी? ऑगस्ट 2022 मध्ये जळगाव जिल्ह्यातून गुरांचा लम्पी त्वचारोग राज्यात पसरू लागला आणि अकोला, बुलडाणा, अमरावतीला त्याची मोठी झळ बसली. तेव्हा मृत्यूचे प्रमाण किती, यावर गावोगाव वेगवेगळे आकडे फिरत होते. दोन गाठी येऊन आपोआप बरी झालेली गाय कोणी नोंदवत नव्हते. मेलेली नोंदवण्यात मात्र फायदा होता, कारण दुभत्या जनावरामागे 30 हजार, बैलामागे 25 हजार आणि वासरामागे 16 हजार रुपयांची मदत जाहीर झाली होती. मेलेल्यांचा वरचा आकडा नीट मोजला गेला आणि आजारी पडलेल्यांचा खालचा अर्धवट राहिला, की आजार आहे त्याहून मारक भासतो. त्याच वेळी बिल्ला नसलेली वासरे हिशेबाबाहेर राहिली, तर नेमक्या ज्या वयात हा आजार जास्त भोवतो तिथला धोका झाकला जातो. आपल्या गोठ्यासाठी राज्याची सरासरी फारशी कामाची नसते. चारा खाते का, पायाला सूज आहे का, श्वास जड आहे का, हे रोज दोनदा पाहणे कामाचे असते. शेळ्या-मेंढ्यांसाठी तर दक्षिण आफ्रिकेत डोळ्याच्या खालच्या पापणीचा रंग पाहण्याचा पाच पायऱ्यांचा तक्ताच निघाला. लाल ते पांढरट असा हा रंग पाहून रक्तपित्या जंतांचे औषध कोणत्या जनावराला द्यायचे ते ठरवतात. औषध वाचते आणि जंतांना त्याची सवयही लवकर लागत नाही.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते बिनबुडाचे नाहीत. पहिला असा की लक्षणे पाहायला सांगितली की लोक घरीच डॉक्टर होतील, दुकानातून गोळ्या आणतील. धोका खरा आहे. पण गडचिरोलीच्या अभ्यासातून निघतो तो लक्षण दिसले की पुढची पायरी कोणती हे ठरवून देणारा नियम, आणि ती पायरी म्हणजे तपासणी किंवा दवाखाना. कोणते प्रतिजैविक किती दिवस, हे त्यात आईवर सोडलेले नाही. लक्षणे ओळखणारा माणूस दवाखान्यात लवकर पोचतो, उशिरा नाही. दुसरा आक्षेप नव्या काळाचा आहे: आता संगणकच रोगी वाचेल का ते सांगेल, मग पापण्या कशाला उघडायच्या? त्यालाही पुरावा विचारावा. अमेरिकेत शेकडो रुग्णालयांत बसवलेली, रक्तातला जंतुसंसर्ग आधी ओळखणारी एक संगणकीय प्रणाली मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात स्वतंत्रपणे तपासली गेली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तिने 67 टक्के रुग्ण हुकवले. संगणकावर राग धरायचे कारण नाही. एका ठिकाणच्या रोग्यांवर शिकलेला अंदाज दुसऱ्या ठिकाणी पुन्हा तोलावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ. पुण्या-मुंबईच्या रुग्णालयातले आकडे घेऊन बनवलेले ॲप मेळघाटातल्या कोरकू बाळावर किंवा वरूडच्या संकरित गाईवर चालेल का, हे इथे तपासल्याशिवाय कोणी सांगू नये.

वरूडहून अमरावती आणि नागपूर जवळजवळ सारख्याच अंतरावर. नमुना किंवा रोगी कुठे न्यायचा हा प्रश्न इथे नेहमीचाच असतो. निघण्याआधी सांगणाऱ्या डॉक्टरांना विचारा: ही चाचणी पॉझिटिव्ह आली तर तुम्ही काय वेगळे कराल आणि निगेटिव्ह आली तर काय? दोन्ही उत्तरे एकच असतील तर त्या चाचणीचे पैसे बहुधा वाचवता येतील. माणसासोबत आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि तापाच्या तारखा न्या. जनावर असेल तर 1962 वर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलवा आणि लसीची वही हाताशी ठेवा. गाय गाभडली असेल तर पडलेल्या गर्भाला आणि वारेला उघड्या हाताने शिवू नका, कुत्र्यांना ओढू देऊ नका. पशुवैद्य नमुना घेईपर्यंत ते झाकून ठेवा, नंतर चुना टाकून खोल पुरा. त्यानंतरच्या काही महिन्यांत घरात कोणाला जाऊन-येऊन ताप, रात्रीचा घाम किंवा कंबरदुखी सुरू झाली, तर माणसांच्या डॉक्टरांना गाय गाभडल्याची तारीख सांगा. त्यांना ती विचारायचे सुचेलच असे नाही.